कारखान्यांच्या परिसरात सोनेरी ताटवे : कोरिऑप्सिसच्या वाणांची निवड

पुणे-मुंबई मार्गावरील पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला आणि या माळरानाचे रूप पालटू लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शिवारात कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७० मध्ये या गावांची मिळून नगरपालिका झाली व १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. त्यानंतरच्या काळात हा पट्टा इंद्रायणी ओलांडून कांद्या-बटाट्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणपर्यंत पसरला. ज्या जमिनीत पूर्वी बाजरी व ज्वारी होत असे, तेथे आज मोटारी, दुचाकी वाहने व त्यांचे सुटे भाग तयार होतात.

कारखान्यांबरोबर बागाही आल्या. कारखान्याच्या आवारात हरितपट्टा राखण्याची अट पर्यावरणविषयक परवान्यांत असतेच. त्याखेरीज शाळा, ग्रामपंचायत कार्यालये, आरोग्य केंद्रे, पोलीस ठाणी व गृहरचना संस्था यांच्या आवारांतही दर्शनी भागात फुलझाडांचे वाफे करण्याची प्रथा सर्वत्र पडली आहे. या वाफ्यांचा दरसालचा क्रम ठरलेला आहे. दिवाळीनंतर रोपवाटिकेतून हंगामी फुलांची रोपे आणावयाची, प्रजासत्ताक दिनाच्या ध्वजवंदनापर्यंत ती फुलवावयाची आणि एप्रिलच्या उन्हात ती वाळली की वाफे पुढील दिवाळीपर्यंत मोकळे ठेवावयाचे. दरवर्षी तोच खर्च व दरवर्षी तीच मेहनत. साहजिकच एकदा लावले की काही वर्षे टिकणारे, भर उन्हात फुलणारे व पाणी कमी मागणारे फुलझाड कोणते, असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाला अलीकडे मिळणाऱ्या उत्तरांत कोरिऑप्सिसचे नाव वारंवार येते. बियाण्यांच्या पाकिटांवर त्याची सोनेरी चित्रे असतात व 'बहुवर्षायू', 'दुष्काळ सहन करणारे' अशी विशेषणेही असतात. ही विशेषणे खोटी नाहीत. मात्र ती ज्या हवामानात खरी ठरली ते हवामान चाकणचे नव्हे. म्हणून या वनस्पतीची जात व वाण निवडताना थोडा खोलात विचार होणे अगत्याचे आहे.

ढेकणाचे नाव मिळालेले फूल

कोरिऑप्सिस ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती असून तिच्या बागेत लावल्या जाणाऱ्या बहुतेक जाती उत्तर अमेरिकेतील गवताळ प्रदेशांतून आल्या आहेत. नाव ग्रीक भाषेतील असून त्याचा अर्थ 'ढेकणासारखे दिसणारे' असा आहे. इतक्या देखण्या फुलाला असे नाव मिळावे ही गमतीची गोष्ट खरी. पण ते फुलाला उद्देशून नसून बीला उद्देशून आहे. तिचे चपटे, काळपट, कडेला पातळ पंख असलेले बी तळहातावर घेतले तर नाव ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही.

ही वनस्पती सूर्यफुलाच्या कुळातील आहे. महाराष्ट्रातील वाचकांना या कुळाची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही. झेंडू व शेवंती देवघरातली, करडई व कारळे शेतातली, माका औषधातला आणि दगडी पाला बांधावरचा. हे सर्व याच कुळातील होत. डेलिया व कॉसमॉस हे तर कोरिऑप्सिसचे निकटचे नातलग आहेत. या कुळात ज्याला आपण एक फूल म्हणतो तो वस्तुतः अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. मध्यभागी नळीसारखी बिंब-पुष्पके असतात व कडेला पाकळीसारखी किरण-पुष्पके असतात. कोरिऑप्सिसची किरण-पुष्पके साधारणतः आठ असून त्यांची टोके कात्रीने कातरल्यासारखी दातेरी असतात. त्यांना बी धरत नाही. कीटकांना बोलावणे एवढेच त्यांचे काम. बी धरते ते मधल्या पुष्पकांत. फूल उलटे करून पाहिले तर हिरव्या छदांची दोन वेगळी मंडले दिसतात: बाहेरचे हिरवे व अरुंद, आतले पातळ व रुंद. सहावी-सातवीच्या वर्गात एक सुई व एक भिंग एवढ्या साहित्यावर हा पाठ घेता येईल, आणि जास्वंदीच्या फुलापेक्षा तो विद्यार्थ्यांच्या अधिक लक्षात राहील.

पाकिटावरील नाव व वाफ्यातील झाड

बाजारात 'कोरिऑप्सिस' या एकाच नावाखाली तीन-चार भिन्न गुणधर्मांच्या जाती विकल्या जातात. त्यांतील फरक न कळल्यामुळेच बहुतेकांची निराशा होते.

पहिली जात टिंक्टोरिया. हिला जुने माळी 'कॅलिओप्सिस' म्हणतात. पिवळ्या फुलाच्या मध्याभोवती तांबूस-किरमिजी वलय असते; काही वाणांत संपूर्ण फूलच किरमिजी असते. पाने बारीक चिरलेली, झाड गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंच व वाऱ्याने लवणारे. ही जात वर्षायू आहे. फुलून बी धरले की तिचे आयुष्य संपते, मग वाफ्याला कितीही पाणी द्या. हिवाळी हंगामी फुलझाड म्हणून ती उत्तम असली तरी बहुवर्षायू बागेसाठी ती घेणे म्हणजे मूळ हेतूच विसरणे होय. तिच्या नावाचा अर्थ 'रंगाऱ्याची' असा असून उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी तिच्या फुलांपासून पिवळा-नारिंगी रंग काढीत असत. शाळेत तुरटीच्या पाण्यातून काढलेला रेशमाचा वा लोकरीचा तुकडा या फुलांच्या काढ्यात उकळून पाहण्याचा प्रयोग सहज करता येतो. सुताला हा रंग तितकासा धरत नाही.

दुसरी जात लॅन्सिओलाटा. भाल्याच्या पात्यासारखी लांबट, अखंड पाने जमिनीलगत झुपक्याने येतात व त्यांतून दीड-दोन फूट उंचीचे पानविरहित दांडे वर येऊन प्रत्येकावर एक फूल लागते. सर्व जातींत हीच सर्वांत काटक. मुरमाड, निकृष्ट जमीन, कमी पाणी व कडक ऊन ती सहन करते. बियांपासून लावल्यास पहिल्या वर्षी मात्र बहुधा पानेच वाढतात व खरा बहर दुसऱ्या वर्षी येतो. काटकपणाची दुसरी बाजूही आहे व तिचा विचार पुढे केला आहे.

तिसरी जात ग्रँडिफ्लोरा, म्हणजे मोठ्या फुलांची. वरची पाने तीन ते पाच अरुंद भागांत विभागलेली असतात. फूल लॅन्सिओलाटापेक्षा मोठे, दांडे लांब, पण झाडाचे आयुष्य कमी. थंड देशांतही ती दोन-तीन वर्षांपलीकडे क्वचितच चांगली राहते. आपल्याकडे मिळणारे बहुतेक दुहेरी फुलांचे वाण या जातीतील किंवा या दोन जातींच्या संकरातील असतात. 'मेफील्ड जायंट' हा जुना, उंच व एकेरी फुलांचा वाण. 'सनरे' हा बुटका व पूर्ण दुहेरी. आणि 'अर्ली सनराइज' हा अर्धदुहेरी फुलांचा, साधारण दीड फूट उंचीचा. या शेवटच्या वाणाला १९८९ साली अमेरिकेतील ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचे सुवर्णपदक मिळाले, ते मुख्यतः बियांपासून पहिल्याच वर्षी फुलण्याच्या गुणामुळे.

चौथी जात व्हर्टिसिलाटा. पाने दोऱ्यासारखी बारीक. तिच्यातील फिकट लिंबू रंगाचा 'मूनबीम' हा वाण परदेशात अतिशय लोकप्रिय असून १९९२ साली तो तेथील बहुवर्षायू वनस्पती संघटनेने वर्षाची वनस्पती म्हणून निवडला. त्याची चित्रे पाहून आपल्याकडेही त्याची मागणी होते. येथे एक गोष्ट खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. 'मूनबीम'ला रुजणारे बी धरत नाही. त्याची वाढ केवळ गड्डे विभागून किंवा फाटे लावून होते. सबब 'मूनबीम' असे लिहिलेले बियांचे पाकीट कोणी देऊ केले, तर आत दुसरे काहीतरी आहे हे पाकीट न फोडताच सांगता येते.

गुलाबी फुलांची रोझिया व बुटकी ऑरिक्युलाटा या दोन जाती नामावलीत दिसतात. पण पहिलीला सतत ओल व दुसरीला अर्धसावली हवी असते. चाकणच्या माळावर या दोन्ही गोष्टी नाहीत.

दिवसाची लांबी हा दुर्लक्षित मुद्दा

फुलझाड निवडताना ऊन, पाणी व माती यांचा विचार सर्वच करतात. दिवस किती तासांचा आहे याचा विचार फारसा कोणी करीत नाही. कोरिऑप्सिसच्या बाबतीत मात्र तोच निर्णायक आहे.

ही दीर्घ दिनमानाची वनस्पती आहे. दिवस मोठा होऊ लागला की ती कळ्या धरते. शेवंतीच्या अगदी उलट. शेवंतीला रात्र मोठी लागते, म्हणून ती हिवाळ्याच्या तोंडाशी फुलते. लंडनसारख्या शहरात जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा व जूनमधील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. म्हणजे जी वाणे फार मोठ्या दिवसाची वाट पाहतात, त्यांच्या अपेक्षेइतका दिवस येथे कधी उगवतच नाही. आणि जो काही मोठा दिवस मिळतो तो नेमका पावसाळी ढगांखाली जातो. 'मूनबीम' हा याच गटातील असल्यामुळे येथे तो हिरवा राहिला तरी भरघोस फुलण्याची आशा धरू नये.

यात भर पडते ती थंडीच्या प्रश्नाची. अनेक बहुवर्षायू वनस्पतींना फुलण्यापूर्वी काही आठवडे कडाक्याची थंडी लागते. 'सनरे' हा वाण असाच आहे. पिंपरी-चिंचवड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा काही रात्री १० अंशांच्या खाली उतरतो खरा, पण दुपारी तो पुन्हा २८-३० अंशांवर असतो. ही थंडी त्या वाणाच्या हिशेबी फारशी जमेस धरली जात नाही. ग्रँडिफ्लोरा जातीबाबत मात्र प्रयोगांतून एक उपयुक्त गोष्ट आढळली आहे. थंडीऐवजी प्रथम लहान दिवस व नंतर मोठे दिवस मिळाले तरी ही जात फुलू शकते. आपल्याकडील हिवाळा व त्यामागून येणारा उन्हाळा हा क्रम या दृष्टीने तिला मानवणारा आहे. 'अर्ली सनराइज'ला तर थंडीची गरजच नाही. त्यामुळे या पट्ट्यासाठी एकच वाण सुचवावयाचा झाल्यास 'अर्ली सनराइज' हाच सुचवावा लागेल. ज्यांना एक वर्ष थांबण्याची तयारी आहे व जागा बंदिस्त आहे, त्यांनी लॅन्सिओलाटा लावावी.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. कोरिऑप्सिसचा बहर २६ जानेवारीला हमखास मिळेल असे गृहीत धरू नये. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत, म्हणजे जेव्हा इतर हंगामी फुले वाळून जातात त्या वेळी, हे झाड ऐन भरात येते. ध्वजवंदनाच्या दिवसासाठी झेंडू व शेवंती आहेतच. कोरिऑप्सिसचे मोल वार्षिक परीक्षांच्या व त्यानंतरच्या दिवसांत कळते.

पावसाळा : खरी कसोटी

या पट्ट्यात वर्षाला सुमारे ६०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेस लोणावळ्याला त्याच्या कितीतरी पट पडतो. तेथून पूर्वेकडे येताना तो झपाट्याने कमी होतो. ६००-७०० मिलिमीटर हा आकडा कोरिऑप्सिसला जास्त नाही. अडचण अशी की यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, ढगाळ हवेत व संथपणे पडत राहतो. थंड देशात हे झाड बर्फाखाली विश्रांती घेते व उन्हाळ्यात फुलते. येथे त्याला विश्रांतीच्या काळात मुळाशी साचलेले कोमट पाणी मिळते. झाडे दुष्काळाने मरत नाहीत, ती ऑगस्टमध्ये गड्ड्याशी कुजून मरतात. मग ऑक्टोबरात वाफा रिकामा दिसतो आणि 'बहुवर्षायू म्हणून आणलेले रोप एका वर्षात गेले' अशी तक्रार होते.

कारखान्यांच्या भूखंडांवर ही अडचण अधिक तीव्र असते. तेथील वरचा थर बहुधा मूळ मातीचा नसतो. बांधकामाच्या वेळी पसरलेला मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा व त्यांवर फिरलेला रोलर यांमुळे जमीन घट्ट झालेली असते. त्यावर चार बोटे काळी माती टाकून वाफा केला जातो. काळी माती पाणी धरून ठेवते व खालचा दाबलेला थर ते खाली जाऊ देत नाही. वाफा म्हणजे जणू एक परातच होते. यावर उपाय महागडा नाही. दाबलेला थर कुदळीने एक हात खोल फोडावा, त्यावर वीतभर उंच गादी वाफा करावा व मातीत तिसरा हिस्सा बारीक मुरूम किंवा जाड वाळू मिसळावी. दर चौरस मीटरला दोन घमेली चांगले कुजलेले शेणखत पुरेसे आहे. याहून अधिक खत घातल्यास पाला माजतो, दांडे लोळतात व फुले कमी येतात. कोरिऑप्सिस हे लाडावले की बिघडणारे झाड आहे. युरियाची मूठ टाकण्याचा मोह आवरावा.

अनेक कारखाने व मोठ्या गृहरचना संस्था बागेसाठी सांडपाणी शुद्ध करून वापरतात व ते योग्यच आहे. मात्र अशा पाण्यात क्षार अधिक असल्यास उन्हाळ्यात वाफ्यावर पांढुरकी पापडी दिसू लागते. ती दिसताच पाण्याची तपासणी करून घ्यावी व अधूनमधून साध्या पाण्याने वाफा भरपूर भिजवून क्षार खाली जाऊ द्यावेत. पाण्याचा निचरा चांगला असेल तरच हा उपाय लागू पडतो, हे सांगावयास नकोच.

लागवडीचा क्रम

बी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पावसाचा जोर ओसरल्यावर पेरावे. रुजण्यासाठी उजेड लागत असल्यामुळे ते मातीत खोल न पुरता पृष्ठभागावर पसरून हलकेच दाबावे व वर चाळलेल्या मातीचा अगदी विरळ थर द्यावा. प्रो-ट्रे व कोकोपीट उपलब्ध असल्यास उत्तम. नसल्यास पसरट कुंडी चालते. पाणी झारीने, बारीक धारेने द्यावे. दोन आठवड्यांत उगवण पूर्ण होते. चार-पाच पाने आलेली रोपे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कायम जागी लावावीत.

दोन रोपांत एक फूट अंतर ठेवावे. एक मीटर रुंद व दहा मीटर लांब वाफ्यात तीन ओळी बसतात व सुमारे शंभर रोपे लागतात. नांगी भरण्यासाठी आणखी दहा रोपे राखून ठेवावीत. जागा अशी असावी की दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन पडेल. शेडच्या पत्र्याच्या भिंतीला लागून पश्चिमेकडील जागा मात्र टाळावी. एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० अंशांवर जातो तेव्हा पत्र्यावरून परतणारी झळ कोवळ्या रोपांना सोसत नाही. रुजेपर्यंत एक दिवसाआड, त्यानंतर हिवाळ्यात आठवड्याला एकदा व उन्हाळ्यात दोनदा पाणी पुरते. पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर नको. पाने ओली राहिल्यास रोग पडतात. पानांवर पांढरी भुकटी दिसू लागल्यास पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात सकाळी फवारावे. भर उन्हाळ्यात, पारा ३५ अंशांवर असताना गंधक वापरू नये, पाने करपतात. मावा पडल्यास पाच टक्के निंबोळी अर्क पुरेसा आहे.

सर्वांत महत्त्वाचे काम सर्वांत सोपे आहे व बहुधा तेच राहून जाते. सुकलेले फूल देठासह खुडणे. बी धरले की झाडाची शक्ती तिकडे जाते व बहर थांबतो. फुले खुडत राहिल्यास नव्या कळ्या येतात. शाळांमध्ये हे काम विद्यार्थ्यांच्या गटांकडे आठवड्यातून दोन दिवस सोपविता येईल. उन्हाळी सुट्टीत शाळेच्या बागा ओस पडतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्या दृष्टीने ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला किंवा स्वच्छता कर्मचाऱ्याला या कामात आधीच सहभागी करून घेतलेले बरे. तेवढीही व्यवस्था होणार नसेल तर कोरिऑप्सिसचा नाद सोडून गॅलार्डिया लावावा. तो या भागातील शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे, उन्हात तितकाच फुलतो व त्याच्या फुलांना बाजारातही मागणी असते.

बागेचे कुंपण ओलांडणारी झाडे

परदेशी फुलझाडाची निवड करताना पुणे परिसराने एक गोष्ट इतर कोणाहीपेक्षा अधिक जाणली पाहिजे. सूर्यफुलाच्याच कुळातील गाजर गवताची भारतातील नोंद १९५६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी पुण्यातून प्रसिद्ध केली. आयात गव्हाबरोबर ते आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. काँग्रेस गवत, चटकचांदणी अशी नावे मिळालेल्या या तणाने पुढील काही दशकांत देशभर पडीक जमिनी व्यापल्या. माणसांना त्वचारोग व दमा, जनावरांना अपाय आणि पिकांना तोटा असा तिहेरी उपद्रव त्याने केला. त्यावर उपजीविका करणारा मेक्सिकन भुंगा १९८४ पासून भारतात मुद्दाम सोडावा लागला. चाकण परिसरातील एकाही ग्रामपंचायतीला या तणाची ओळख करून देण्याची गरज नाही.

गाजर गवत कोणी हौसेने लावले नव्हते. पिवळा कॉसमॉस मात्र हौसेने लावला गेला. मेक्सिकोतून आलेले हे शोभेचे झाड आता पुण्याच्या टेकड्यांवर व महामार्गांच्या कडेने पावसाळ्याअखेर आपोआप उगवलेले दिसते. लोक थांबून छायाचित्रे काढतात. पण त्याच्या दाटीखाली स्थानिक गवते व रानफुले यांना जागा उरत नाही, असा इशारा वनस्पतींचे अभ्यासक देत आले आहेत.

कोरिऑप्सिस याच वाटेने जाईल काय? या प्रश्नाचे उत्तर दोन देशांच्या अनुभवांतून मिळते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९९१ साली कोरिऑप्सिस हे आपले राज्य-रानफूल म्हणून घोषित केले व तेथे रस्त्यांच्या कडेने ते मुद्दाम वाढविले जाते. जपानमध्येही लॅन्सिओलाटा जात शोभेसाठी आणली गेली व रस्त्यांच्या उतारांवर हिरवळ धरण्यासाठी लावली गेली. ती नदीकाठच्या मोकळ्या वाळवंटांत पसरली, तेथील मूळ वनस्पती मागे पडल्या आणि २००६ साली जपान सरकारने तिला उपद्रवी परकीय प्रजाती ठरवून तिची लागवड, वाहतूक व विक्री यांवर कायद्याने बंदी घातली. झाड एकच, एका ठिकाणी ते घरचे होते, दुसऱ्या ठिकाणी पाहुणे. आपल्याकडेही ते पाहुणेच आहे.

म्हणून कोठे लावावे याइतकेच कोठे लावू नये हेही निश्चित केले पाहिजे. चारी बाजूंनी फरसबंदी किंवा हिरवळ असलेले वाफे, कुंड्या, कार्यालयाचे प्रांगण व कारखान्याच्या आतील चौक या जागा योग्य होत. इंद्रायणी, पवना व भामा या नद्यांचे काठ, गायराने, टेकड्या, वनखात्याच्या हद्दी व रस्त्यांच्या मोकळ्या कडा येथे कोरिऑप्सिसचे बी फेकू नये. पावसाळ्याच्या आरंभी 'बीजगोळे' टाकण्याचे कार्यक्रम उत्साहाने होतात. त्यांत रंगीबेरंगी रानफुलांच्या नावाने विकली जाणारी परदेशी मिश्रणे वापरली जात नाहीत ना, हे आयोजकांनी पाहावे. त्या जागांसाठी सह्याद्रीची स्वतःची सोनेरी फुले आहेत. श्रावण-भाद्रपदात कासच्या पठारापासून गडकिल्ल्यांच्या माथ्यापर्यंत उमलणारी सोनकी याच कुळातील असून कोरिऑप्सिसपेक्षा तिळभरही कमी देखणी नाही. शेतकऱ्याच्या बांधावरील कारळे तर फुलतात, मधमाश्यांना पोसतात आणि वर तेलही देतात.

खरेदी करताना

शासकीय व निमशासकीय कार्यालयांच्या निविदांत 'पिवळी बहुवर्षायू फुलझाडे, नग अमुक' एवढाच मजकूर बहुधा आढळतो. एवढ्या मजकुरावर पुरवठादाराने पिवळा कॉसमॉस आणून दिला तर त्याला दोष देता येणार नाही. जातीचे व वाणाचे पूर्ण नाव, रोपाचे वय, पुरवठ्याचा महिना व मेलेली रोपे किती दिवसांत बदलून द्यावयाची, या चार बाबी लेखी असाव्यात. रोपे ताब्यात घेताना पाने पाहावीत. जमिनीलगत लांबट अखंड पानांचा झुपका असेल तर लॅन्सिओलाटा किंवा ग्रँडिफ्लोरा; सुरुवातीपासून पाने बारीक चिरलेली असतील तर टिंक्टोरिया; पाने चिरलेली पण रुंद व खोड सरळ उंच जाणारे असेल तर बहुधा कॉसमॉस. बी हाती असेल तर शंकेला जागाच नाही. कोरिऑप्सिसचे बी चपटे व ढेकणासारखे, कॉसमॉसचे सुईसारखे लांब व टोकाला चोचीचे.

फुलझाडांविषयी माहितीसाठी या परिसरातील लोकांना दूर जावे लागत नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय पुण्यात आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील संशोधन केंद्रातून 'फुले गणेश' या नावाचे ॲस्टरचे वाण प्रसारित झाले असून हिवाळी वाफ्यांसाठी ते कोरिऑप्सिसला चांगली जोड देतात. ॲस्टर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो व तो संपता संपता कोरिऑप्सिस सुरू होते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनास शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह भेट दिल्यास अनेक वाण एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात.

मेअखेर बहर ओसरला की झाडे जमिनीपासून वीतभर उंचीवर छाटावीत. बी धरलेली बोंडे वेगळी वेचून जाळावीत. खताच्या खड्ड्यात टाकल्यास ती पुढच्या वर्षी नको तेथे उगवतात. पहिल्या पावसापूर्वी वाफ्याच्या कडेची चर साफ करून पाण्याला वाट द्यावी व चार महिने झाडांना काहीही घालू नये. सप्टेंबरमध्ये जी जगली असतील तीच खरी या मातीला मानवलेली. ऑक्टोबरच्या उघडिपीत त्यांचे गड्डे खुरप्याने उकरून, कुजलेला मधला भाग काढून टाकून, कडेचे मुळांसकट तुकडे वेगळे करावेत व नव्या वाफ्यात लावावेत. एका सशक्त गड्ड्यातून तीन-चार रोपे मिळतात. दुसऱ्या वर्षी शंभर रोपे विकत घेण्याऐवजी तीस-चाळीसच घ्यावी लागली, तर वाणाची निवड बरोबर ठरली असे समजण्यास हरकत नाही.